सागाचा भाव तीन हजार? कुठल्या सागाचा?



लाकूड खरेदीवरचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, दुकानाचं शटर वर करत असताना, संगमेश्वरच्या बाजूने एका मुलीचा फोन आला. "ताई, आमचे अकरा साग तोडलेत. पप्पांनी लावलेले. व्यापारी सगळ्याचे मिळून पंच्याऐंशी हजार म्हणतोय. शेजारचे काका म्हणतात, सागाचा भाव तीन हजार रुपये घनफूट आहे आणि तुमचा माल एकशेवीस घनफूट तरी भरेल. म्हणजे साडेतीन लाख झाले ना? तो लुबाडतोय ना आम्हाला?"

तिला माझ्याकडून "हो" ऐकायचं होतं. मी विचारलं, "तू मोजलंस का?" पलीकडे जरा शांतता. मग हळूच म्हणाली, "नाही."

पुढचं ऐकून मला जास्त काळजी वाटली. हिला काजूगराचं छोटं युनिट टाकायचंय. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट तयार आहे आणि त्यात स्वतःचं भांडवल म्हणून साडेतीन लाख लिहूनही झालेत. ते साडेतीन लाख म्हणजे अंगणात पडलेले हे ओंडके!

म्हणून आजचा हा ब्लॉग. व्हिडिओत वेळ कमी पडतो, इथे सगळा हिशोब मांडते. तुम्ही फर्निचरचं काम सुरू करणार असाल, वखार टाकायचा विचार असेल, किंवा घरची झाडं विकून धंद्याला भांडवल उभं करणार असाल, तर वही-पेन घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकते. ओंडक्याला स्वतःचा असा भाव नसतो. भाव असतो तो त्यातून निघणाऱ्या चौकटीला, फळीला, खाटेच्या पायाला. ओंडक्याची किंमत तिथून मागे मागे येत काढायची असते. शेजारच्या काकांचा तीन हजार हा आकडा खोटा नाही. पण तो चिरलेल्या, वाळवलेल्या, निवडलेल्या चांगल्या कट साईजचा दुकानातला भाव आहे. माझ्या दुकानात उभं राहून तुम्ही चौकटीचं लाकूड मागितलंत तर मीही असाच काहीतरी आकडा सांगेन. अंगणातला ओंडका हा त्या मालाचा कच्चा माल झाला. शेतातल्या भाताला कुणी हॉटेलातल्या बिर्याणीचा भाव लावतं का? लाकडाच्या बाबतीत मात्र भलेभले लावतात.

आता मोजायचं कसं ते बघू. आपल्याकडे गोल माल चौथाई गोलाईने मोजतात. ओंडक्याच्या बरोबर मध्यावर सुतळी गुंडाळायची, ती सुतळी चार पदरी दुमडायची आणि एका पदराची लांबी घ्यायची. जी येईल ती गुणिले तीच, गुणिले ओंडक्याची लांबी. माप इंचात असेल तर शेवटी १४४ ने भागायचं. उदाहरण घ्या: ओंडका १० फूट लांब, मध्यावर गोलाई ४८ इंच. चौथा भाग १२ इंच, म्हणजे १ फूट. १ गुणिले १ गुणिले १०, झाले १० घनफूट. ही पद्धत इंग्रजांकडून आली. एडवर्ड हॉपस नावाच्या माणसाने १७३६ मध्ये अशा मापांची तयार कोष्टकं छापली होती. आपले वखारवाले आजही तेच करतात, फक्त कोष्टकाच्या जागी मोबाईल आलाय.

यात गंमत अशी की हे खरं घनफळ नाही. गोल आकाराच्या गणिताने याच ओंडक्याचं घनफळ १२.७३ घनफूट येतं. चौथाई गोलाईने साधारण साडेएकवीस टक्के कमी दिसतं. ही चोरी नाही, गोल लाकूड चौकोनी करताना बाजूचं जे जाणार ते आधीच सोडून देण्याची रीत आहे. विकणारा आणि घेणारा एकाच पद्धतीने बोलत असतील तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते एकाने कॅल्क्युलेटरवर पाय आर स्क्वेअर केलं आणि दुसऱ्याने सुतळी दुमडली तर! म्हणून कुणी घनफुटाचा भाव सांगितला की पहिला प्रश्न, "कुठला घनफूट? चौथाई का पूर्ण?" हा प्रश्न विचारलात की समोरचा तुम्हाला नवखे समजायचं थांबवतो.

सुतळी कुठे बांधली यावरही बराच खेळ चालतो. वरच्याच ओंडक्याला बुंध्याकडे गोलाई ६० इंच असेल आणि तिथेच सुतळी बांधली, तर चौथा भाग १५ इंच येतो आणि १० घनफुटांचे १५.६ होतात. सागाचा बुंधा अनेकदा खाचाखाचांचा असतो. सुतळी खाचांवरून सरळ जाते आणि तुम्ही मधल्या हवेचेही पैसे देता. सालीचं तसंच. साल अर्धा इंच जाड धरली तर ४८ ची गोलाई सालीखाली ४५ च्या आत येते, आणि १० चे ८.७ घनफूट राहतात. अर्ध्या इंचाची साल, पण जवळजवळ तेरा टक्के माल! विकणारे असाल तर सालीसकट मोजून द्यावंसं वाटेल. द्या की, पण तसं स्पष्ट बोलून द्या. सालीसकटचा भाव वेगळा, सोलून वेगळा. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी साल सोलून सोललेल्या जागी सुतळी बांधते.

लांबीचं थोडक्यात. दहा फुटी मापासाठी ओंडका दहा फुटांपेक्षा चार-सहा इंच जास्त हवा, कारण टोकाला चिरा पडतात आणि ते टोक कापून टाकावं लागतं. पावणेदहा फुटाचा ओंडका बाजारात नऊचाच. घरी तोडताना मजुराला हे आधी सांगितलं नाही तर प्रत्येक ओंडक्यामागे फूटभर माल फुकट जातो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण जवळपास सगळे इथेच चुकतात. अर्ध्या जाडीच्या ओंडक्याची किंमत निम्मी नसते. गोलाई ४८ च्या ऐवजी २४ इंच झाली तर चौथा भाग ६ इंच, आणि घनफूट १० च्या ऐवजी अडीच. जाडी निम्मी, माल पाव. त्यातही सागाचा बाहेरचा पांढरा भाग कामाचा नसतो, किडा आधी त्यालाच लागतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते आतल्या तपकिरी गाभ्याचे. पांढरा भाग सगळीकडून एक इंच धरला तर ४८ गोलाईच्या ओंडक्यात गाभा पाऊण हिस्सा निघतो. २४ गोलाईच्या ओंडक्यात निम्म्याहून जरासा जास्त. म्हणजे पाव माल, आणि त्यातही निम्माच गाभा. म्हणून बारीक सागाचा घनफुटी भावही कमी असतो. १९९० च्या दशकात सागाच्या रोपांवर पैसे लावा, काही वर्षांत लखपती व्हा, अशा जाहिराती करणाऱ्या कंपन्या आठवत असतील. नसतील तर घरातल्या मोठ्यांना विचारा. त्या जाहिरातींमध्ये झाडाचं वय सांगायचे, भाव सांगायचे. गोलाई आणि गाभा यांच्याबद्दल चकार शब्द नसायचा.

हे सगळं बाहेरून दिसणारं झालं. आतलं कसं ओळखायचं हे मी पैसे भरून शिकले.

२०१६ ची गोष्ट. बीबीए होऊन काही वर्षं झाली होती, बाबांच्या दुकानात बसायला लागले होते. कॉस्ट अकाउंटिंगला चांगले मार्क होते, त्याची जरा मस्तीच होती. मे महिन्याच्या शेवटी एका मध्यस्थाने नऊ ओंडके दाखवले, जाड, सरळ, बघूनच मन भरावं असे. उक्ता सौदा, ९५ हजार. पाऊस तोंडावर होता, "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" म्हणाला आणि मी होकार दिला. बाबा म्हणाले, "मिस्त्रीकाकांना एकदा दाखव." मी म्हटलं, "बाबा, मी हिशोब केलाय." हिशोब केलाच होता. मोजमाप अगदी बरोबर होतं!

सॉ मिलवर तिसरा ओंडका चिरला आणि आतून भुसभुशीत माती पडायला लागली. वाळवीने गाभा खाल्लेला. नऊपैकी तीन तसे निघाले. मिलवाले दादा काही बोलले नाहीत, मशीन बंद करून चहा मागवला. मिस्त्रीकाकांनी ओंडक्याचं टोक हाताने पुसलं आणि मला दाखवलं. दोन्ही टोकांना शेण-माती लिंपलेली होती. टोकं फाटू नयेत म्हणून तसं लिंपतात, त्यात गैर काही नाही. पण घेण्याआधी ते धुऊन बघायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. धुतलं असतं तर मधला काळा डाग दिसला असता.

तेव्हापासून माझ्या गाडीत सुतळी आणि टेपबरोबर पाण्याची बाटली आणि जुनी छोटी कुऱ्हाड असते. टोक धुवायचं. कुऱ्हाडीच्या पाठीने मध्यावर आणि दोन्ही बाजूंनी ठोकायचं. भरीव लाकूड खणखणतं, पोकळ असेल तर आवाज बसका येतो. टोकावरच्या चिरा बघायच्या. मधून बाहेर जाणारी एखादी चीर चालते, पण वर्तुळासारखी फिरणारी असेल तर फळ्या सुट्या होतात. सालीची रेघ तिरकी फिरत गेलेली दिसली तर आत पीळ असण्याची शक्यता, मग चौकट वाळल्यावर वाकडी होते. आणि घराजवळच्या, कुंपणातल्या झाडांमध्ये खिळे आणि तार हमखास असते. कपडे वाळत घालायची दोरी बांधायला आजीने कधीतरी ठोकलेला खिळा झाड गिळून टाकतं. तो मिलच्या पट्ट्याला लागला की पट्ट्याचे पैसे तुमच्या बिलात.

आता मुख्य हिशोब. खालचे सगळे आकडे समजण्यासाठी धरलेत, हा बाजारभाव नाही. तुमच्या तालुक्यातले आकडे तुम्ही घाला.

तोच १० घनफुटांचा चांगला, सरळ ओंडका घेऊ. माझ्या अनुभवात असा ओंडका चिरून ७ घनफूट कट साईज निघते, बाकी भुसा, पाठी आणि जळण. त्या ७ मध्ये समजा ४ घनफूट लांब, स्वच्छ माल आला. त्याला ३,००० चा भाव, झाले १२,०००. २ घनफूट आखूड किंवा एखादी गाठ असलेला, २,००० ने ४,०००. १ घनफूट पांढरा भाग असलेला, ८००. जळणाचे २००. एकूण १७,०००. हे दुकानात विकून येणारे पैसे.

आता मागे चला. कटिंगचे ८००. वाहतूक आणि चढ-उतार हमाली मिळून या ओंडक्याच्या वाट्याला ९००. परवाने, फेऱ्या, कागद ३००. माल चिरून सावलीत थप्पी लावून वाळायला सहा महिने धरले, तर अडकलेल्या अंदाजे नऊ हजारांवर वर्षाला १२ टक्क्यांनी ५४०. दुकानाचं मार्जिन २० टक्के म्हणजे ३,४००. आणि आत काय निघेल याची जोखीम १० टक्के, १,७००. सगळं मिळून ७,६४०. सतरा हजारांतून वजा केले, उरले ९,३६०. म्हणजे हा ओंडका आहे तिथे, अंगणात, माझ्यासाठी घनफुटाला ९३० च्या आसपास. तीन हजार नाही! जीएसटी यात धरलेला नाही, तो तुमच्या सीएकडून समजून घ्या.

आता त्याच ओंडक्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढी पोकळी घाला. ७ च्या जागी ४ घनफूट निघेल आणि रुंद फळ्या जवळजवळ संपतील. १ घनफूट चांगला, २ मध्यम, १ पांढरा, जळण थोडं जास्त, असे ८,१०० हातात येतील. कटिंग, वाहतूक, कागद मात्र तेवढेच. वजाबाकी केलीत तर साधारण साडेतीन हजार उरतात. बाहेरून माप तेच, १० घनफूट. किंमत साडेनऊ हजारांवरून साडेतीन हजार. माझ्या २०१६ च्या ९५ हजारांचं काय झालं ते आता तुम्हीच काढा.

ही वजाबाकी बहुतेक नवीन लोक करत नाहीत, आणि केली तरी त्यातल्या दोन ओळी विसरतात. एक, अडकलेल्या पैशाचं व्याज. दुसरी, जोखीम. "ताई, माझं मार्जिन ३० टक्के आहे" असं सांगणाऱ्या कित्येकांचं मार्जिन खरं म्हणजे थप्पीतल्या वाळणाऱ्या लाकडातच मुरलेलं असतं.

कागदांचं सांगते, कारण त्याशिवाय वरचे सगळे आकडे शून्य. आपल्या राज्यात साग स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. तोडल्यावर माल हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो, ओंडक्यांवर शिक्के पडतात. सॉ मिलही परवान्यावर चालतात, डिसेंबर १९९६ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून त्यांच्यावर चांगलंच लक्ष असतं. बिनकागदाचा माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, गाडीसकट जप्त होतो. आणि विकणारे असाल तर सौद्यातच बोला: परवाना कोण काढणार, खर्च कुणाचा. "व्यापारी बघेल सगळं" हे वाक्य महाग पडतं, कारण तो ते बघतो आणि तुमच्या भावातून कापतो. कापू दे, पण किती कापले ते तुम्हाला माहीत हवं.

भाव पडताळायचा असेल तर सरकारी लिलाव बघा. वन विभागाच्या आगारांत ओंडके लांबी आणि गोलाईप्रमाणे वेगळे करून, नंबर टाकून, लॉट लावून विकतात. चंद्रपूर जिल्ह्यातलं बल्लारशाहचं आगार त्यासाठी प्रसिद्ध आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी साग तिथूनच गेला. पण तिथला भाव आणून अंगणातल्या ओंडक्याला लावायचा नाही. एक तर तो जंगलातला जुना, जाड साग. दुसरं, तिथे बोली घनमीटरवर असते. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, पण ते पूर्ण घनफळ असेल तर आपल्या सुतळीच्या हिशोबाने २७.७ च घनफूट होतात. कुठल्या पद्धतीचा घनमीटर हे न विचारता भाव काढलात तर पंचवीस टक्क्यांच्या आसपास चूक तिथेच झाली. त्या लिलावातून शिकण्यासारखं म्हणजे लॉट लावणं. जाड वेगळा, बारीक वेगळा, वाकडा वेगळा.

आणि म्हणूनच मी उक्त्या सौद्याच्या विरोधात आहे. "उक्ते किती देता?" या प्रश्नात ज्याची नजर तयार आहे तोच जिंकतो. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण २०१९ मध्ये मीच जिंकले होते. जवळच्या गावातल्या एका आजोबांचे सहा साग मी उक्ते ४८ हजारांना घेतले. ते म्हणाले, "पोरी, तूच सांग काय ते." मी सुतळी काढलीच नाही. नजरेने मोजलं होतं. ओंडके सगळे भरीव निघाले आणि माझ्या हिशोबाने ते ७० हजारांच्या आत नव्हते. धंदा आहे, असं तेव्हा मनाला सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या सुनेच्या खोलीचं दार मी मजुरीवर करून दिलं, लाकडाचे पैसे घेतले नाहीत. त्याने हिशोब मिटला असं मला वाटत नाही. आजोबा अजून दर मेमध्ये पेटीभर आंबे पाठवतात, "माझ्या सागाला चांगला भाव दिलास" म्हणून. बाबा ती पेटी उघडतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तर, त्या मुलीकडे वळूया.

मी तिला सुतळी, पाणी, कुऱ्हाड आणि वही, एवढंच सांगितलं. तिने आणि तिच्या भावाने एक अख्खी दुपार घालवून सव्वीस ओंडके मोजले, मध्यावर, साल सोलून. वहीचे फोटो पाठवले. एकूण ११८ घनफूट. काकांचा मालाचा अंदाज अगदी बरोबर होता, चुकला होता तो भाव. सव्वीसपैकी चारच ओंडके जाड होते, ४२ घनफूट. बाकीचे बावीस बारीक, ७६ घनफूट, त्यात चार-पाच चांगलेच वाकडे.

मी माझा मागे येणारा हिशोब लावला. जाड मालाला ९३० ने ३९ हजार. बारीक मालाला माझा आकडा ४५० च्या पुढे जाईना, म्हणजे ३४ हजार. मिळून ७३ हजार. मी तिला सरळ सांगितलं, "बाळा, मी घेणार असते तर ७३ च दिले असते. तो ८५ देतोय." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पांना कसं सांगू?"

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. माझे ७३ आणि त्याचे ८५, दोन्ही बरोबर असू शकतात. त्याची स्वतःची मिल आहे, कटिंगचे पैसे त्याच्याच घरात राहतात. त्याची गाडी दोन गावांचा माल भरून जाते, माझी अर्धी रिकामी गेली असती. बारीक मालातून तो खिडक्यांच्या चौकटी आणि खाटेचे पाय काढतो, त्याला त्याचं गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे नाही. ओंडका तोच, पण कुणाच्या दारात उतरणार यावर त्याची किंमत बदलते. म्हणून कुणाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न विचारू नका. माझ्याही नको. तुमच्या शेवटच्या गिऱ्हाइकापासून तुमचा आकडा काढा. आणि विकत असाल तर ज्याचा आकडा सगळ्यात मोठा निघू शकतो, असा घेणारा शोधा.

मी तिला म्हटलं, त्याच व्यापाऱ्याला परत बोलव, पण या वेळी वही पुढे ठेव आणि दोन लॉटचे दोन भाव माग. भांडू नकोस, काकांचे तीन हजार तोंडातून काढू नकोस. तिने तसंच केलं. तो वही बघून हसला म्हणे, दोन-तीन ओंडके स्वतः मोजून बघितले, माप जुळलं. मग जाड मालाला १,०५० आणि बारीक मालाला ६०० म्हणाला. ४४,१०० आणि ४५,६००, एकूण ८९,७००. परवान्याचा खर्च त्याचा.

म्हणजे एका दुपारच्या मोजणीचे ४,७०० रुपये जास्त मिळाले. साडेतीन लाख नाही मिळाले. ती निराश होती आणि मी तिला खोटं सांत्वन दिलं नाही. पण तिने रिपोर्टमधला आकडा बँकेत जाण्याआधी बदलला. दोन मशीनच्या जागी आता एकच घेणार आहे, ग्रेडिंग यंदा हातानेच करणार, घरातली माणसं आहेत. तो रिपोर्ट परवा तिने पाठवला, मी त्यात खेळत्या भांडवलाचं पान दुरुस्त करून दिलं.

तिचे पप्पा अजून म्हणतात की भाव कमी लागला. काकाही तेच म्हणतात. ओंडके शनिवारी गाडीत चढले. एक मात्र पप्पांनी ठेवून घेतला, सगळ्यात जाड. देवघर करायचंय म्हणाले. त्यामुळे पैसे तेवढे कमी आले, साधारण अकरा हजारांनी. तिने मला विचारलं, "ताई, तो कशात धरायचा, खर्चात?" मी म्हटलं, वहीत तुझ्या पप्पांच्या नावावर लिही.